तांब्यातली हवेली

भंगारवाल्याने पत्रा काउंटरवर टाकला तेव्हा वहिनींनी मान वर केली नाही. शाळेतून निवृत्त होणाऱ्या एका शिपायासाठी त्या पितळी पाटी कोरत होत्या आणि त्याच्या आडनावातलं शेवटचं अक्षर अर्ध्यावर होतं. अक्षर अर्ध्यावर असताना मान वर करायची नाही, हा दुकानाचा नियम. घराला आग लागली तरी आधी अक्षर पुरं करायचं, मग पळायचं, असं सासरे म्हणायचे.

"तांबं आहे वहिनी, अस्सल," भंगारवाला म्हणाला. "एक बाजू वाया गेलीय, नुसते ओरखडे आहेत. पण पाठ सपाट आहे. दवाखान्याच्या बाईंना तांब्याची पाटी हवीय म्हणत होतात ना? पाठीवर कोरा की. कोण बघतंय मागून."

"कुठून आणलंत?"

"एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माळ्यावर होतं. खिळे, चाकं, लोखंडाच्या पट्ट्या, सगळ्याच्या खाली."

वहिनींनी अक्षराची शेपटी पुरी केली, फुंकर मारून पितळेचा कीस उडवला आणि मग पत्रा हातात घेतला. वहीच्या दोन पानांएवढा, काळाकुट्ट, जड. आजकाल एवढं जाड तांबं कोणी बनवत नाही. "ठेवून जा," त्या म्हणाल्या.

त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले घड्याळजीसुद्धा. दुकान म्हणजे आठ फूट रुंदीची एक खोली, तिच्यामागे त्याहून लहान एक खोली आणि दारात दोन पायऱ्या. ढाली, चषक, नावाच्या पाट्या, कचेऱ्यांचे शिक्के, अंगठीच्या आतली दोन अक्षरं, असलं सगळं कोरीव काम तिथे व्हायचं. दुकान सासऱ्यांनी उभं केलं. मुलाला हाताशी धरायचा प्रयत्न त्यांनी केला होता, पण मुलाने पहिल्याच आठवड्यात स्वतःचा अंगठा कोरून घेतला आणि मग सुखाने बसवर कंडक्टर झाला. त्याच्याशी लग्न होऊन आलेल्या वहिनी रोज दुपारी सासऱ्यांचा डबा घेऊन यायच्या आणि डबा उघडायच्या ऐवजी त्यांच्या हाताकडे बघत उभ्या राहायच्या. एक दिवस सासऱ्यांनी शिशाचा एक तुकडा पुढे सरकवला. "ओढ एक रेघ." त्यांनी ओढली. सासऱ्यांनी ती भिंगातून पाहिली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "उद्यापासून डबा दुसरं कोणीतरी आणेल."

त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. त्यातल्या शेवटच्या अकरा वर्षांची गोष्ट गल्लीत कोणाला ठाऊक नव्हती. सासऱ्यांचे डोळे हळूहळू गेले होते. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण गिऱ्हाईक यायचं ते 'म्हाताऱ्याचं अक्षर' हवं म्हणून. तेव्हा म्हातारा दुकानाच्या तोंडाशी कोरणी हातात धरून बसायचा, धातू चाचपून त्याचे गुणदोष सांगायचा, ऑर्डर घ्यायचा आणि ढाल मागच्या खोलीत जायची. साध्या पाट्या सून करते आणि ढाली, शिक्के म्हातारा करतो, असा लोकांचा समज होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडावी असं दोघांपैकी कोणी कधी बोललं नाही. वहिनींना त्याचं वाईट वाटायचं का? वाटायचं, कधीकधी. बक्षीस समारंभाला सासऱ्यांना शाल मिळायची आणि त्या मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, तेव्हा चपलेत खडा गेल्यासारखं काहीतरी टोचायचं. घरी येईपर्यंत ते जायचं.

दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर त्यांनी तो पत्रा घेतला. मऊ ब्रश, थोडं रॉकेल आणि जुनी बनियन. पाठ साफ करायची होती, पण हाताच्या सवयीने आधी वरची बाजूच पुसली गेली. काळं निघालं तसं खालून ओरखडे वर आले. खरंच खूप होते, कोणीतरी काथ्याने घासल्यासारखे. त्यांनी पत्रा उजेडात तिरका धरला आणि त्यांचा हात थांबला.

ओरखडे असे समांतर नसतात.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. पहिली दिसली ती खिडकी. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला बारा तावदानं होती आणि प्रत्येक तावदानात तिरप्या रेघांची सावली होती. वरच्या तावदानांत दाट, खालच्या तावदानांत विरळ, कारण उजेड खालून, अंगणातून परत येत होता. तिच्या शेजारी तशीच दुसरी खिडकी. तिसरी. वहिनी खिडक्या मोजू लागल्या आणि चाळिसापुढे त्यांचा हिशेब चुकला. मग खांब, खांबांवरचा त्रिकोणी माथा, छपरावरची धुराडी, रुंद पायऱ्या, पायऱ्यांपुढे मुंगीएवढा घोडा आणि त्याची गाडी. घोड्याच्या मानेवर आयाळ होती. दोन्ही अंगांना झाडं, झाडांमागे टेकडी आणि टेकडीवर आभाळ. आभाळ म्हणजे नुसत्या आडव्या रेघा. त्यांनी करंगळीचं नख त्या आभाळावर ठेवलं आणि नखाच्या रुंदीत किती रेघा बसतात ते मोजलं. एकतीस. सगळ्या सारख्या अंतरावर. ढगापाशी येऊन प्रत्येक रेघ बारीक होत होत विरून जात होती आणि ढगाच्या पलीकडे पुन्हा जन्माला येत होती.

खाली अक्षरं होती, इंग्रजी आणि उलटी. शिक्के कोरणाऱ्याला उलटं वाचायला आरसा लागत नाही. वहिनींना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण अक्षरांची ओळख जन्माची. कुणा उमरावाचं नाव, एका गावाचं नाव, साल सतराशे चौऱ्याहत्तर. उजव्या कोपऱ्यात आणखी एक नाव, अगदी बारीक.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. हातातला ब्रशही खाली ठेवला. आपण सव्वीस वर्षं हेच काम करतो, असं त्या समजत होत्या. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आपण आजवर फक्त मुळाक्षरं गिरवत होतो.

सासरे दारात उन्हाला बसले होते. वहिनींनी पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा, मामंजी."

म्हाताऱ्याने आधी वजन घेतलं. मग कडेवरून अंगठा फिरवला. "जुनं तांबं. हातोड्याने ठोकून सपाट केलेलं, कारखान्यातलं नाही." मग बोटांची टोकं वरच्या बाजूला टेकली आणि एकदम हलकी झाली, झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवावा तशी. त्यांच्या उजव्या करंगळीचं नख ते मुद्दाम वाढवत. डोळे गेल्यावर काम तपासायला तेच उरलं होतं. ते नख आता रेघांवरून आडवं, उभं, तिरपं जात होतं.

"घर आहे का गं हे?"

"हवेली आहे. इंग्लंडातली असावी. छापायचा पत्रा आहे, उलटा कोरलाय."

"आभाळ कोणीकडे?"

वहिनींनी त्यांचं बोट धरून आभाळावर नेलं. म्हाताऱ्याचा श्वास जोरात आत गेल्याचं त्यांना ऐकू आलं. "एका श्वासात एक रेघ," ते म्हणाले. "श्वास धरून ओढायची, सोडला की हात हलतो. किती आहेत अशा?"

"आभाळातच हजारभर असतील."

"म्हणजे हजार वेळा हा माणूस श्वास धरून बसला." त्यांनी पत्रा उलटा केला आणि पाठ चाचपली. एका जागी बोट थांबलं. "इथे मागून ठोकलंय. बघ, बारीक खड्डे आहेत. पुढच्या बाजूला त्याची चूक झाली होती. मग ती जागा खरवडून काढली, मागून ठोकून तांबं वर आणलं, घोटून सपाट केलं आणि पुन्हा कोरलं. काय आहे तिथे पुढे?"

वहिनींनी अंदाजाने पुढची जागा शोधली आणि भिंग लावलं. "गवत आहे. पायऱ्यांच्या बाजूचं."

"चूक दिसतेय?"

"नाही. काही दिसत नाही."

"मग चूक नाहीच ती." म्हातारा हसला. पण त्याचं नख अजून चालूच होतं. हवेलीवरून झाडांवर, झाडांवरून परत हवेलीवर. वहिनी मागच्या खोलीत जाऊन पाणी पिऊन आल्या तरी ते चालूच होतं. शेवटी म्हातारा म्हणाला, "अगं, दोन हात आहेत."

"म्हणजे?"

"भिंती, खिडक्या, आभाळ हे एकाचं काम. कोरणी आत शिरते तेव्हा कळत नाही आणि बाहेर येते तेव्हाही कळत नाही. झाडं दुसऱ्याची. हा रेघेच्या सुरुवातीला जोर देतो, शेवटी घाबरून उचलतो. शिकाऊ आहे. तू बघ, मला नखाने एवढंच कळतं."

वहिनींनी पत्रा पुन्हा भिंगाखाली धरला. आता सांगितल्यावर दिसलं, आणि दिसलं ते सासऱ्यांनी सांगितल्यापेक्षाही जास्त होतं. एका कडेच्या पहिल्या झाडाची पानं अडखळत होती. रेघ कुठे खोल, कुठे पोचट, एक तर चक्क घसरलेली आणि मग तिचीच फांदी केलेली. दुसरं झाड जरा बरं. हवेली ओलांडून पलीकडे गेलं की झाडं सावरत होती, आणि अगदी शेवटच्या झाडापाशी, पार दुसऱ्या कडेला, पानं वाऱ्याला हलत होती. त्या झाडातली रेघ आणि आभाळातली रेघ यांत फरक करणं वहिनींना जमेना. एवढ्याशा तांब्यावर एक माणूस एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाताना काम शिकला होता. किती महिने लागले असतील, कोण जाणे. अडीचशे वर्षांपूर्वी. बाई होती की बुवा, मुलगा होता की भाचा, की सून, तेही कोण जाणे. पण त्याची पहिली भीती तिथे होती आणि भीती गेलेली जागाही तिथेच होती, आणि कोणी सांगेपर्यंत कोणालाही दिसली नसती.

त्यांनी हे सगळं सासऱ्यांना सांगितलं. म्हाताऱ्याने मान डोलावली. मग विचारलं, "खाली नाव किती जणांचं आहे?"

"कोरणाऱ्याचं? एकाचंच."

"हं," म्हातारा म्हणाला. त्या रात्री तो जेवण अर्धं टाकून उठला.

भंगारवाला दोन दिवसांनी आला तेव्हा वहिनींनी त्याला तेवढ्याच वजनाचा कोरा करकरीत तांब्याचा पत्रा दिला. त्याने तो उलटून पालटून पाहिला. "वहिनी, उलटा सौदा करताय. नवं देऊन जुनं घेताय."

"माझा सगळा धंदाच उलटा कोरायचा आहे," वहिनी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात कलाशाळेत चित्रं छापायला शिकवणारे मास्तर आले. दरवर्षी शाळेच्या ढालीवर नवीन नाव घालून घ्यायला ते स्वतः यायचे. उंच, किंचित वाकलेले, नखांत कायमची शाई. वहिनींनी त्यांना पत्रा दाखवला. मास्तर पायरीवर उभे होते ते तिथेच खाली बसले. "असे पत्रे मी फक्त पुस्तकात पाहिलेत," ते म्हणाले. "तिकडे खेड्यांत बड्या लोकांच्या अशा हवेल्या असायच्या. त्यांची चित्रं तांब्यावर कोरायची, छापायची आणि पुस्तकात घालायची. छापलेले कागद सापडतात कुठेकुठे. पत्रा कोणी ठेवत नाही. घासून पुन्हा वापरतात, नाहीतर वितळवतात. वहिनी, आमच्याकडे दाबयंत्र आहे. येता का घेऊन?"

"येऊ," दारातून सासरे म्हणाले. "पण मास्तर, आधी जरा ऐका. तुमच्या ढालीबद्दल बोलायचंय."

"का? काही अडचण?"

"अडचण नाही. गेली अकरा वर्षं ती ढाल मी कोरत नाही. ही कोरते." त्यांनी हात केला, पण वहिनी उभ्या होत्या त्याच्या जरा डावीकडे. "मला दिसत नाही. अजिबात दिसत नाही. नाव माझं आणि हात हिचा, असं चाललंय. शिक्केसुद्धा. सगळंच."

गिऱ्हाईक तुटेल, लोक काय म्हणतील, हे सगळं एका क्षणात वहिनींच्या डोक्यातून गेलं. "मामंजी, अहो, कशाला आता…"

"तू थांब. तो तिकडचा शिकाऊ तसाच मेला, कोणाला पत्ता नाही. नखाने शोधावं लागलं मला त्याला. तुला शोधायला कोणाला नख वाढवायला लागू नये."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग जरा ओशाळून म्हणाले, "मी सात-आठ वर्षांपासून शाळेत सांगतोय की म्हाताऱ्याचं अक्षर वयाबरोबर सुधारतंय. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि वहिनींना पाणी आणायला आत जायचं निमित्त मिळालं. डोळे पुसून त्या बाहेर आल्या तेव्हा दोघे तांब्याच्या जाडीबद्दल बोलत होते.

कलाशाळेत ते तिघे गेले त्या सकाळी छापाच्या खोलीत दहाबारा विद्यार्थी जमले होते. खोलीत शाईचा आणि ओल्या कागदाचा वास होता. मधोमध ते यंत्र: दोन जाड लोखंडी रूळ, त्यांच्यामधून सरकणारी फळी आणि बाजूला जहाजाला असावं तसं मोठं चाक. मास्तरांनी पत्रा मंद आचेवर कोमट केला, काळी शाई चोपडली आणि बोटांनी रेघांत दाबून भरली. सगळा पत्रा पुन्हा काळा झाला, माळ्यावर होता तसा. मग त्यांनी जाळीच्या कापडाने शाई पुसायला सुरुवात केली, गोल गोल, न थकता, आणि शेवटी नुसत्या तळहाताने. वरची शाई गेली. रेघांत होती ती राहिली. वहिनी बघत होत्या. सव्वीस वर्षांत आपण कोरलेलं कधी कुणी असं भरून, पुसून पाहिलं नव्हतं.

ओला कागद पत्र्यावर पडला, त्यावर जाड लोकर आली. "चाक तुम्ही फिरवा, वहिनी," मास्तर म्हणाले. चाक वाटलं त्यापेक्षा जड होतं. फळी बोटबोट पुढे सरकली, रुळांखाली गेली, पलीकडे निघाली. मास्तरांनी लोकर बाजूला केली आणि कागदाची दोन टोकं चिमटीत धरून तो हळूहळू उचलला.

विद्यार्थी पुढे सरकले.

वहिनींना वाटलं होतं, आपल्याला हे चित्र पाठ आहे. खिडकी न् खिडकी, पान न् पान. पण तांब्यावर त्यांनी रेघा पाहिल्या होत्या, आणि कागदावर रेघा नव्हत्याच. कागदावर सकाळ होती. आभाळ राखाडी आणि ओलं होतं, ढगाच्या कडेला ऊन लागलं होतं, भिंती दगडाच्या होत्या आणि दगड थंड होता. हवेली आता सुलट झाली होती. तिचं दार दुसऱ्या हाताला गेलं होतं आणि घोड्याने तोंड फिरवलं होतं. आणि खाली, घोडागाडीच्याही पुढे, जिथे तांब्यावर काही तुरळक आडव्या रेघा होत्या आणि जी जागा त्यांना अर्धवट राहिलेली वाटली होती, तिथे पाणी होतं. मोठं, संथ तळं. त्यात अख्खी हवेली उलटी उभी होती, जराशी थरथरत.

त्या एवढ्या जवळ वाकल्या की मास्तरांना त्यांना मागे घ्यावं लागलं, शाई ओली होती.

"काय दिसतंय?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना खुर्ची दिली होती, ती ओढत ते टेबलाशी आले होते. "सांग मला."

वहिनींनी सांगायला सुरुवात केली. डावीकडच्या कोपऱ्यापासून, एकेक करून. टेकडी, टेकडीवरचा उजेड, धुराडी किती, खिडक्या किती. आता त्या नीट मोजल्या, सत्तर भरल्या. विद्यार्थी भोवती उभे राहून ऐकत होते, चित्र समोर असूनही. झाडं आली तेव्हा त्यांनी शिकाऊ माणसाची गोष्ट सांगितली आणि सगळ्या माना खाली वाकून एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकल्या. "असेल, असंच असेल," मास्तर पुटपुटले. पाण्यापाशी आल्यावर वहिनी अडल्या.

"पाणी कसं दाखवलंय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दाखवलंच नाहीये, मामंजी. थोड्या रेघा ओढल्यात आणि बाकीचं सोडून दिलंय. जिथे सोडलंय तिथेच पाणी आहे."

म्हाताऱ्याने तोंड त्या कागदाच्या दिशेने वळवलं. "सोडायचं कुठे, हे कळायला लागतात वर्षं," तो म्हणाला. "हे त्या मोठ्याचं काम. शिकाऊला हात लावू दिला नसणार."

पत्रा वहिनींनी कलाशाळेकडे ठेवायला दिला, कारण दुकानात ओल यायची. तिथे तो काचेखाली आहे. गिऱ्हाईक काही तुटलं नाही. दोघेतिघे कुरकुरले आणि पुढच्या वर्षी ढाली घेऊन आलेच. दुकानावर नवीन पाटी लागली, दोन नावांची. ती कोणी कोरावी यावर सासरे-सुनेचा वाद झाला. शेवटी सासऱ्यांचं नाव वहिनींनी कोरलं, आणि वहिनींचं नाव सासऱ्यांनी, नखाने चाचपत, चार दिवस घेऊन. त्यातली एक वेलांटी जरा वाकडी आहे. ती दुरुस्त करू का, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी विषय बदलला.

दर बुधवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी वहिनी कलाशाळेत मुलांना अक्षर कोरायला शिकवतात आणि नंतर मागच्या बाकावर बसून स्वतः शिकतात. तांब्याच्या तुकड्यांवर त्यांनी आधी समोरच्या गल्लीतली भिंत कोरली, मग घड्याळजींच्या दुकानाची खिडकी, मग एक झाड. प्रत्येक छाप त्या घरी नेऊन सासऱ्यांना वाचून दाखवतात. तीन वर्षं झाली या गोष्टीला. भिंत जमते, झाडही जमू लागलंय. पाणी अजून जमत नाही, कारण शेवटच्या क्षणी त्यांचा हात थांबत नाही आणि एक रेघ जास्तीची पडते.